दोन तासांचं वर्तुळ

नानांची सायकल गेले आठ महिने जिन्याखाली उभी आहे. तिच्यावर मी एक जुनी चादर घातली आहे. खालच्या मजल्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे. रविवारी दारं-खिडक्या उघडायच्या, घराला वारा लागू द्यायचा आणि परत लावताना सायकलीवरची धूळ पुसायची, एवढं काम नानांच्या मुलाने, अविनाशने, माझ्यावर सोपवलं आहे. मला सायकल चालवता येत नाही. तिच्या भागांची नावं मात्र मला पाठ आहेत, कारण ती नानांनी शिकवली. मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक काळी रबरी कडी आहे. पुसताना मी ती हलू देत नाही.

मुरलीधर नाना आमचे घरमालक. जळगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिले. नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. खेड्यांतले लोक त्यांना मोजणीवाले नाना म्हणत. पहूर, पाचोरा, पारोळा, तिकडची किती शिवारं त्यांनी पायी तुडवली असतील. दोन भावांची वाटणी व्हायची, बांध कोणी कोरला यावरून शिव्यागाळी चालायची, आणि मधे नाना उन्हात साखळी धरून उभे असायचे. त्या आयुष्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही. 'थोडं', 'बरंच', 'जवळपास' असे शब्द कोणाच्या बोलण्यात आले की ते कानामागची पेन्सिल हातात घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "मोजून सांगा."

मी राहायला आले त्या दिवशी म्हटलं होतं, "नाना, माझ्याकडे पुस्तकं जरा जास्त आहेत."

"मोजून सांगा."

"मोजली नाहीत. सातआठशे असतील."

"असतील म्हणजे?" ते टेप घेऊन वर आले. खोकी उघडायला लावली, पुस्तकं जमिनीवर ओळीने उभी करायला लावली, आणि गुडघ्यांवर सरकत सरकत त्या ओळींची लांबी घेतली. "अठ्ठ्याहत्तर फूट. स्लॅब पेलेल. पण सगळी एका भिंतीला लावू नका, दोन भिंतींत वाटा." मग ओळीतलं शेवटचं पुस्तक उचलून त्यांनी कव्हर पाहिलं आणि होतं तसं ठेवलं. वाचण्याचा त्यांना नाद नव्हता. पण पुढे कधीही मी नवीन पुस्तक घेऊन जिना चढताना दिसले की ते खालून विचारायचे, "किती झाले, ताई?" आणि मला फुटांत सांगावं लागायचं.

अक्का म्हणजे त्यांची बायको. नाना आमच्याशी ऑफिसातलं मराठी बोलत, अक्कांशी मात्र अहिराणी. त्या घरात एक रिवाज होता, अक्कांच्या सासूबाईंपासून चालत आलेला. बाहेरून येणाऱ्याने घरात रिकाम्या हाताने पाऊल टाकायचं नाही. कोथिंबिरीची जुडी असो, दोन लिंबं असोत, काहीतरी हातात हवं. दार वाजलं की स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "काय लयनात?" काय आणलंत? भाडेकरू म्हणून मला यातून सूट मिळेल असं वाटलं होतं, पण मिळाली नाही. काहीच नसलं तर मी महाविद्यालयाच्या आवारातल्या कढीपत्त्याची डहाळी तोडून आणायचे.

नाना निवृत्त झाले आणि त्याच वर्षी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पूर्ण गेलं आणि काही महिन्यांनी थोडंसं परत आलं, एका वेळी चारपाच शब्द, तेही फक्त अहिराणी. डावा हात मात्र शाबूत राहिला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी हवेची गादी आणली. तिला एक छोटा पंप होता, तो दिवसरात्र गुणगुणायचा आणि गादीच्या वळ्या आळीपाळीने फुगवायचा. वजनाप्रमाणे हवा कमीजास्त करायला पंपावर एक बटण होतं. दर तीन महिन्यांनी नाना कोपऱ्यावरच्या मोतीलाल शेठच्या भुसार दुकानातला मोठा काटा घरी आणवायचे, अक्कांना चाकाच्या खुर्चीसकट त्यावर चढवायचे, खुर्चीचं वजन वजा करायचे आणि बटण त्या आकड्यावर फिरवायचे. मग गादीखाली तळहात घालून पाहायचे, अंग तळाला टेकत तर नाही ना. आठ वर्षांत अक्कांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मी हे लिहिते आहे कारण हे दुसरं कोणी लिहिणार नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची. चहा चमच्याने. औषधं सहा वेळा. अविनाश बंगळुरूला, तो फोन करायचा, तिकडे या म्हणायचा, आणि अक्का डाव्या हाताने 'नाही' करायच्या. नानांचं सगळं आयुष्य उघड्यावर गेलेलं, आणि आता ते बारा बाय चौदाच्या खोलीत होते. सकाळी सात ते नऊ मंगलाबाई यायच्या, अक्कांची अंघोळ, वेणी, कपडे करायला. तेवढे दोन तास नाना मोकळे.

त्या दोन तासांसाठी त्यांनी सायकल घेतली. जाड टायरची, पुढच्या चाकाला शॉक असलेली, मागून मात्र सरळ सांगाड्याला जोडलेली. तिला हार्डटेल म्हणतात हे त्यांनीच मला सांगितलं. तिला त्यांनी मागे कॅरिअर बसवून घेतलं. सायकलवरून कुठे कुठे जायचं, तेही मोजून. अक्कांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर त्यांनी तालुक्याचा नकाशा लावला आणि आमच्या घरावर कंपासाचं टोक रोवून एक वर्तुळ काढलं. पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला, वीस मिनिटं पंक्चरसाठी राखीव. "एवढ्यात फिरायचं," ते म्हणाले. "हा माझा गट नंबर."

वर्तुळाच्या अगदी काठावर, पहूरच्या रस्त्यावरून डावीकडे फुटणाऱ्या शिवाररस्त्याला एक चढ आहे. चढाच्या माथ्यावर कवठाचं झाड. तिथून दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर दिसतात. नानांनी ते झाड तरुणपणी एका मोजणीत हद्दीची खूण म्हणून नोंदवलं होतं. पहिली दोन वर्षं ते आठवड्यातून एकदा तरी तिथवर जायचे. इतर दिवशी केळीच्या बागांतून नाहीतर नदीकाठाने. येताना कॅरिअरला काहीतरी बांधलेलं असायचं: भरताची वांगी, केळीची फणी, मेथी. दारातून आत येताना पलंगावरून ते दोन शब्द यायचे आणि नाना पिशवी अक्कांच्या डाव्या हाताजवळ धरायचे. त्या एकेक वांगं दाबून पाहायच्या.

मग नानांची पाठ दुखायला लागली.

ते तक्रार करणारे नव्हते. मला कळलं ते नकाशावरून. एका रविवारी मी अक्कांना वाचून दाखवायला खाली गेले तर वर्तुळाच्या आत पेन्सिलने दुसरं, लहान वर्तुळ काढलेलं. पावसाळ्यानंतर तिसरं. "शिवाररस्त्याने दणके बसतात," नाना म्हणाले. "मागचं चाक खड्ड्यात गेलं की थेट मणक्यात. डांबरी रस्त्याने जावं तर ट्रक." कवठाचं झाड दुसऱ्याच वर्तुळाच्या बाहेर गेलं होतं. तिसऱ्यात फक्त शहर उरलं होतं, आणि बाजार समिती.

डॉक्टर म्हणाले, या वयात सायकल सोडा. नानांनी ते ऐकून घेतलं, आणि रात्रीचं जेवण झाल्यावर माझ्याकडे आले. माझ्याकडे ते क्वचितच काही मागत. "ताई, तुमच्याकडे सायकलींवर पुस्तक आहे का?" मी इंटरनेटवर शोधून छापील पानं काढून दिली. ती त्यांनी पेन्सिल घेऊन आठ दिवस वाचली. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा. हिला मागेपण शॉक आहे. सांगाडाच मधून हलतो. खड्डा चाकाला लागतो, माणसाला लागत नाही."

जळगावात तशी सायकल मिळाली नाही. धुळ्याला युसूफभाईंच्या दुकानात एक होती. नानांची मेहुणी दोन दिवस राहायला आली तेव्हा नाना पहिल्या गाडीने धुळ्याला गेले. मला त्यांनी बरोबर नेलं, पानांत लिहिलेलं सगळं विचारायला. युसूफभाई साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, हातात कायम पाना.

"नाना, ही पोरांची सायकल आहे," ते म्हणाले. "डोंगरावरून उड्या मारणाऱ्या पोरांची. तुम्ही कुठे उडी मारणार?"

"मी उडी मारणार नाही. मला बसायचं आहे."

"बसायला खुर्ची स्वस्त पडते."

"खुर्चीवर बसूनच आलोय," नाना म्हणाले.

युसूफभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि थट्टा थांबवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. मागच्या शॉकमध्ये हवा असते. माणसाच्या वजनाप्रमाणे ती भरायची. माणूस नुसता बसला की शॉक पाव भाग दबला पाहिजे. त्याहून कमी दबला तर सायकल दगडासारखी, जास्त दबला तर खड्ड्यासाठी काही उरत नाही. किती दबला ते दाखवायला ही रबरी कडी. बसण्याआधी ती वर सारायची, उतरल्यावर पाहायची कुठवर ढकलली गेली.

नानांना हे फार आवडलं. "म्हणजे अक्कांच्या गादीसारखं."

"वजन किती तुमचं?"

"चौऱ्याहत्तर," नाना तत्काळ म्हणाले.

युसूफभाईंनी पंप लावून तेवढी हवा भरली. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि आम्हाला साडेतीनची गाडी गाठायची होती. शेवटी नानांनी कॅरिअर मागितलं तेव्हा युसूफभाईंनी मान हलवली. "हिला नाही बसत, नाना. मागचा भाग हलता आहे. कॅरिअर कशाला बांधणार?"

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "घरी जाताना हातात काय असणार आता?"

जुनी सायकल त्यांनी मंगलाबाईंना दिली. मंगलाबाईंचा नवरा त्यांना कॅरिअरवर बसवून आणायला लागला, त्यामुळे त्या रिक्षाची वाट न बघता दहा मिनिटं लवकर यायच्या. नानांनी ती दहा मिनिटं लगेच हिशेबात धरली आणि नकाशावर नवीन वर्तुळ काढलं, जवळजवळ पहिल्याइतकं.

कॅरिअर गेल्यावर नाना खिशात मावेल तेवढंच आणायला लागले. कापसाचं बोंड, तुरीची ओली शेंग, केळफुलाचं एखादं जांभळं पान, कधी नुसताच गोटा. अक्का ती वस्तू डाव्या हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या, नाकाला लावायच्या. "वयख," नाना म्हणायचे. ओळख. मग अक्का नकाशाकडे पाहायच्या, बोट उचलून दिशा दाखवायच्या, आणि निकाल द्यायच्या. तो दोनच प्रकारचा असे. "दूर गयथात." लांब गेला होतात. किंवा, "जवयच गयथात." जवळच गेला होतात. नाना मान डोलवायचे. अक्का क्वचितच चुकायच्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या, कुठल्या अंगाला कुठली माती हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण बहुतेक दिवशी निकाल 'जवयच' असायचा. मी विचारायचे, "नाना, नवीन सायकल कशी आहे?"

"आराम आहे."

"कवठापर्यंत गेला होतात?"

"जाऊ की."

असे पाच महिने गेले. सकाळी नऊच्या सुमारास मी जिना उतरत असायचे तेव्हा नाना परत आलेले असायचे. सायकल भिंतीला लावून ते दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहायचे, मिनिटभर, श्वास जुळवत. मग चेहरा पुसायचे आणि आत जायचे. मी ते पाहिलं होतं. विचारलं मात्र नाही. एवढी महागाची वस्तू घेऊनही आराम पडत नाही हे त्यांना मान्य करावं लागेल, म्हणून गप्प राहिले. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

युसूफभाई एका लग्नासाठी जळगावला आले होते, ते सायकल बघायला म्हणून घरी आले. चहा झाला. "बसा बरं नाना जरा," ते म्हणाले. नाना जिन्याजवळच्या, अक्कांच्या खोलीच्या खिडकीचा गज धरून सायकलवर बसले, उतरले. युसूफभाई खाली वाकले. रबरी कडी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी सरकली होती.

"नाना, ही तर दबतच नाहीये. पाच महिने दगडावर बसून फिरताय तुम्ही. वजन किती सांगितलं होतं मला?"

"चौऱ्याहत्तर."

"कधी केलेलं?"

नानांनी वाकून कडी पुन्हा वर सारली.

"कधी केलेलं, नाना?"

"निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत."

युसूफभाई मांडीवर थाप मारून हसले. "वा. सगळी उमर लोकांच्या जमिनी मोजल्या, अन् स्वतःचा उतारा आठ वर्षांपूर्वीचा काढून दिला."

नानाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. आम्ही तिघं मोतीलाल शेठच्या दुकानात गेलो. तो काटा आमच्या घरी कितीदा तरी येऊन गेला होता. नाना त्याच्या शेजारी वाकून आकडे वाचायचे, त्यावर कधी चढले नव्हते. ते चपला काढून चढले. शेठनी चष्मा वर केला.

"अठ्ठावन्न."

"काटा तपासून घ्या, शेठ."

"सरकारी शिक्का आहे नाना. तुम्ही सरकारचे माणूस, तुम्हीच शिक्क्यावर शंका घेणार?" मग शेठनी चष्मा खाली घेतला. "सोळा किलो कुठे ठेवलं? पोत्याचा तिसरा हिस्सा होता तो."

"पोटहिस्सा झाला असेल," नाना म्हणाले. "नोंद घ्यायची राहिली."

आम्ही हसलो. शेठ हसता हसता माझ्याकडे बघायला लागले, आणि मीही त्यांच्याकडे. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असावं. त्या घरात दर तीन महिन्यांनी वजन होत होतं, आणि आठ वर्षांत कोणालाही सुचलं नव्हतं की नानांनाही उभं करून पाहावं. रोज पाहणारे आम्ही. आम्हालाही सुचलं नाही.

घरी येऊन युसूफभाईंनी शॉकच्या झडपेवर टोक दाबलं. हवा बारीक आवाज करत बाहेर आली. नाना बसले, आणि सायकल त्यांच्याखाली हळूच खाली गेली. कडी बरोबर पाव भागावर. नानांनी जागच्या जागी एकदोनदा अंग वरखाली केलं. खिडकीतून अक्का पाहत होत्या. नानांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ते उतरले, कानामागची पेन्सिल काढली आणि जिन्याखालच्या भिंतीवर हवेचा आकडा लिहिला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते नऊला दहा कमी असताना आले, शर्टाची पुढची बाजू गाठोड्यासारखी हातात धरून. मी जिन्यावर थांबले. आतून प्रश्न आला. नानांनी कवठ अक्कांच्या तळहातावर ठेवलं. अक्कांनी ते उचललं, कानाशी हलवलं, मग नाकाशी नेलं, आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवलं.

"वयख."

अक्कांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. "दूर," त्या म्हणाल्या. "दूर गयथात."

हे असं सव्वा महिना चाललं. मी त्यांना विचारलं, पाठ कशी आहे. नाना दिवाणावर बसून टायरमधला बाभळीचा काटा चिमट्याने काढत होते. "रस्त्याचा त्रास गेला, ताई," ते म्हणाले. "तो सगळा शॉक खातो. पण तो गेल्यावर कळलं, काही त्रास रस्त्याचा नव्हताच. जो उरला तो माझा आहे."

"मग दाखवायला हवं."

"दवाखाना दोन तासांत बसत नाही."

हे ते सहज म्हणाले, मोजणीची फी सांगावी तसं. सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं, नंबर लागेपर्यंत बसायचं, मग रिपोर्ट, मग दुसरा डॉक्टर. मंगलाबाई नऊला जाणार. मेहुणीच्या सुनेचं बाळंतपण. मी रजा घेते म्हटलं तर म्हणाले, "परीक्षा चालू आहेत तुमच्या." मी रजा घेतली, पण तोवर आणखी पाच आठवडे गेले होते. त्या दिवशी मी अक्कांजवळ बसले, आणि मोतीलाल शेठ नानांना घेऊन गेले.

गाठ पोटात होती, अगदी मागे, कण्याला लागून. पाठदुखी तिथून येत होती. ज्या दुखण्यासाठी नानांनी सायकल बदलली, ते सायकलीने दिलेलंच नव्हतं. डॉक्टरांनी किती महिने सांगितले ते नानांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर अंदाजानं सांगतात, नाना."

"हो," ते म्हणाले. "पण मी मोजलंय." आणि जिन्याखालच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथे आता एकाखाली एक पाच आकडे होते. दर पंधरा दिवसांनी ते काट्यावर जाऊन येत, आणि जेवढं वजन उतरलं असेल तेवढी शॉकमधली हवा सोडत, म्हणजे बसल्यावर कडी पुन्हा पाव भागावर यावी. पाचही आकडे उतरते होते. सायकल त्यांनी शेवटपर्यंत बरोबर ठेवली. वर्तुळं मात्र लहान होत गेली. केळीच्या बागा, मग नदी, मग बाजार समिती, मग कोपरा.

अक्कांना सांगायचं नाही असं ठरलं. ठरवलं नानांनीच. अविनाशला त्यांनी एक वही लिहून दिली. तिच्यात अक्कांचा दिवस होता, तासातासाने, कुठल्या कुशीवर किती वेळ, चमचा कुठल्या गालाशी न्यायचा, गादीचं बटण कुठे. पहिल्या पानावर त्यांनी जमिनीच्या उताऱ्याला असते तशी चतुःसीमा लिहिली होती: पूर्वेला खिडकी, पश्चिमेला नकाशा, उत्तरेला पंपाचा प्लग, दक्षिणेला दार. बंगळुरूच्या घरातही पलंग याच दिशांनी लावावा, असं त्याखाली लिहून सही केली होती. अविनाशने ते वाचलं आणि तो वही घेऊन गच्चीवर गेला. बराच वेळ खाली आला नाही.

मी नानांना शेवटचं उभं पाहिलं ती सकाळ साधी होती. मंगलाबाई अक्कांची वेणी घालून झाल्यावर बादली घेऊन मागे गेल्या होत्या. नानांनी खालून हाक मारली, "ताई, जरा येता?"

ते जिन्याखाली सायकलपाशी उभे होते. चादर काढलेली. महिनाभर ते फाटकाबाहेर पडले नव्हते. "कडी बघून सांगा मला," ते म्हणाले. "मला वाकता येत नाही."

मी कडी वर सारली. त्यांनी खिडकीचा गज धरला. पाय टाकायला तीनदा प्रयत्न करावा लागला. तिसऱ्यांदा मी कोपर धरलं. ते बसले. दोन्ही पाय पेडलवर ठेवले, गज न सोडता. असे ते थोडा वेळ बसून राहिले, मान ताठ, नजर समोरच्या फाटकावर. आतून गादीच्या पंपाची गुणगुण येत होती. मग उतरले.

"किती?"

मी वाकून पाहिलं. कडी जवळजवळ हललीच नव्हती. मागच्या आकड्यावर भरलेल्या हवेलाही आता ते भारी पडत नव्हते.

"पाव भाग, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना पुष्कळ अंदाज सांगितले होते, आणि एकही त्यांनी मोजून घेतल्याशिवाय सोडला नव्हता. मी वाट पाहत राहिले. ते म्हणाले, "बरं."

पेन्सिल कानामागे होती. त्यांनी ती काढली नाही.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. अक्कांनी बहुतेक सगळं पाहिलं होतं, किंवा फक्त सायकलवर बसल्याचं आणि उतरल्याचं. त्यांच्या दृष्टीने माणूस सायकलवरून उतरला होता.

"काय लयनात?"

नानांनी सवयीने खिसे चाचपले. दोन्ही खिसे, मग शर्टाचा. काही नव्हतं. मी कढीपत्त्याची डहाळी तोडायला वळले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. मग गजांमधून तो रिकामा हात आत दिला.

अक्कांनी तो डाव्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोटं एकेक दाबून पाहिली, वांगी पाहायच्या तशी. मग नाकाशी नेला, आणि धरून ठेवला.

"वयख," नाना म्हणाले.

अक्कांनी नकाशाकडे पाहिलं नाही.

"जवयच," त्या म्हणाल्या. "जवयच गयथात."